मसाल्यांचा साक्षेपी वैद्य : गार्सिया द ऑर्ता

पिंपळनेर : साक्री तालुक्यातील या बाजारपेठेत जिरे, धने, ओवा, मोहरी, बाळंतशोपा यांची पोती ज्या दुकानात उघडी मांडलेली असतात, तेथे येणारे गिऱ्हाईक निम्मे स्वयंपाकासाठी आणि निम्मे औषधासाठी येते. पोटात कळ आली की ओवा, बाळंतिणीला शोपा, उलटी-जुलाब झाले की जिऱ्याची पेज, हे खानदेशातल्या घराघरांत कोणाला शिकवावे लागत नाही. हीच बियाणी अलीकडे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोचली आहेत. त्यांची तेले काढली जातात, जंतूंच्या बशीत थेंबाथेंबाने सोडली जातात, आणि किती जंतू मेले याची मोजदाद होते. म्हणजे आजीबाईच्या बटव्याची आता तपासणी चालू आहे. या तपासणीची पहिली छापील नोंद शोधू गेल्यास दक्षिणेतल्या एका परकीय वैद्यापाशी येऊन थांबावे लागते. गोव्यात राहिलेला, अहमदनगरच्या निजामशहाची नाडी पाहिलेला आणि काही काळ मुंबई बेटाचा खंडकरी असलेला हा पोर्तुगीज वैद्य म्हणजे गार्सिया द ऑर्ता.

ऑर्ता यांचा जन्म 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या सरहद्दीवरच्या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालात आले. पाचच वर्षांनी, 1497 मध्ये, तेथील ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नाव बदलले, देऊळ बदलले, पण शेजाऱ्यांचा संशय बदलला नाही. त्या संशयाच्या छायेतच गार्सिया वाढले. सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, 1523 मध्ये ते गावी परतले, पुढे लिस्बनला गेले आणि 1530 पासून तेथील विद्यापीठात शिकवू लागले. नोकरी चांगली होती, राजदरबारात ओळखी होत्या. तरी 1534 च्या मार्च महिन्यात मार्तिम अफोन्सो द सौझा या आरमारप्रमुखाचा खासगी वैद्य म्हणून ते हिंदुस्थानच्या जहाजावर चढले.

ते का निघाले याचे उत्तर दोन वर्षांनी मिळते. 1536 मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टांना शोधून शिक्षा करणारे न्यायालय, स्थापन झाले. वारा कोठून वाहतो आहे हे ऑर्ता यांना आधीच उमगले असावे. नव्या ख्रिस्त्यांना देश सोडण्यास तेव्हा बंधने होती. मोठ्या सरदाराचा वैद्य म्हणून जाणे हा त्यातला आडमार्ग होता.

सप्टेंबर 1534 मध्ये ते गोव्यात उतरले. पहिली चार वर्षे आरमाराबरोबर फिरण्यात गेली. दीव, काठियावाड, वसई, चौल, मलबार असा पश्चिम किनारा त्यांनी पालथा घातला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि सौझा यांच्या भेटीगाठी त्यांनी जवळून पाहिल्या. या बहादूरशहाने सौझाला सांगितलेली एक गोष्ट त्यांनी पुढे भांगेच्या प्रकरणात नोंदवली : रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्थानात फेरफटका मारावासा वाटला तर सुलतानाला जहाजाची गरज पडत नसे, थोडी भांग पुरत असे. वैद्यकाच्या ग्रंथात असा किस्सा घालणारा लेखक रुक्ष नसणार, हे उघड आहे.

1538 च्या सुमारास ऑर्ता गोव्यात स्थायिक झाले. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांचे वैद्य म्हणून त्यांचा लौकिक झाला. वैद्यकीबरोबर व्यापारही होता. औषधी, मसाले आणि रत्ने यांची उलाढाल ते करीत. व्यापाऱ्याला माल पारखावा लागतो, आणि ही पारख त्यांच्या वैद्यकाला फार उपयोगी पडली. मिरी कोणत्या बंदरावर येते, वेलदोड्यात भेसळ कशी होते, दालचिनीचा कोणता प्रकार दाम खातो, हे ग्रंथ वाचून कळत नाही, वखारीत उभे राहून कळते.

त्या काळचा दख्खन समजून घेतल्याशिवाय ऑर्ता यांचे मोठेपण ध्यानात येणार नाही. खानदेशावर फारुकी सुलतानांचा अंमल होता, पिंपळनेरला लागून असलेल्या बागलाणात बागूल राजे होते, आणि घाटमाथ्यावर अहमदनगरची निजामशाही भरात होती. तिचा अधिपती बुऱ्हाण निजामशहा हा विद्वानांचा चाहता. त्याच्या दरबारी इराणी व अरबी हकीम होते आणि हिंदू वैद्यही होते. या दरबारात उपचारासाठी ऑर्ता यांना पाचारण झाले आणि पुढे ते अनेकदा तेथे गेले. सुलतान आणि वैद्य यांच्यातले नाते मोठे मौजेचे दिसते. निजामशहा ऑर्ता यांना रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी, ऑर्ता त्याला लॅटिन नावे सांगत. दरबारी हकिमांशी वाद होत. अरबी वैद्यकातला इब्न सीना दोन्ही बाजूंना ठाऊक असल्याने बोलणे जमे. ऑर्ता युरोपातून जे ग्रंथ शिकून आले होते त्यांतली कित्येक औषधे या मंडळींच्या रोजच्या हाताळणीतली होती. युरोपीय प्राध्यापक ज्या वनस्पतीच्या नावावर पाने खर्ची घालीत, ती वनस्पती येथला वैद्य परसातून खुडून आणी. दख्खनने ऑर्ता यांना काय दिले, तर हा धक्का दिला.

1554 च्या सुमारास ठरावीक वार्षिक खंड भरण्याच्या बोलीवर त्यांना मुंबई बेट मिळाले. वसईसह ही बेटे 1534 च्या तहाने बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली होती. तेव्हाची मुंबई म्हणजे कोळी, भंडारी, कुणबी यांची वस्ती, ताडामाडाची आणि आंब्याची झाडे. आपल्या मुंबईच्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारा एक आंबा आहे, असे ऑर्ता यांनी कौतुकाने नमूद केले आहे. घारापुरी आणि साष्टीतील लेणी त्यांनी पाहिली आणि त्यांचे वर्णन छापले. गोमंतकीय इतिहासकार जे. गेर्सन द कुन्हा यांनी मुंबईच्या मूळ इतिहासावरील ग्रंथात असे दाखवले आहे, की ऑर्ता यांचा वाडा आजच्या टाउन हॉलमागे, पुढे इंग्रजांचा किल्ला झाला त्या जागी होता. 1665 मध्ये मुंबई इंग्रजांच्या स्वाधीन करण्याचा दस्त त्याच वाड्यात झाला. मुंबईच्या जमीनदारांची यादी करायची झाल्यास हा औषधांचा जाणकार तीत बराच वर येईल.

या साऱ्या अनुभवाचे फलित म्हणजे 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापून झालेला त्यांचा ग्रंथ. हिंदुस्थानातील साध्या औषधींविषयीचे संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम 7 वर्षे झाली होती. जोआनिस द एंडेम या मुद्रकाने तो छापला आणि त्यात इतक्या चुका राहिल्या, की शुद्धिपत्राचीच पाने वेगळी जोडावी लागली. ग्रंथ लॅटिनमध्ये नाही, पोर्तुगीजमध्ये आहे. पंडितांपेक्षा जहाजावरचे आणि वखारीतले लोक वाचतील अशी त्यामागची दृष्टी होती. 57 संवादांत तो विभागलेला आहे. एका बाजूला स्वतः ऑर्ता आणि दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर. हा रुआनो नुकताच स्पेनहून आलेला, ग्रीक-रोमन ग्रंथांचा भक्त. तो प्रत्येक गोष्टीला जुन्या आचार्यांचा आधार विचारतो, आणि ऑर्ता त्याला घरातल्या दासीकडून, अंतोनियाकडून, तो जिन्नस आणवून दाखवतात. मधूनच मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो. दख्खनच्या राजांच्या पदव्यांचा अर्थ निघतो, बुद्धिबळाच्या सोंगट्यांची नावेही येतात. विषयांतर हा या ग्रंथाचा दोष मानला तर मानावा, परंतु त्या विषयांतरातच सोळाव्या शतकातले दख्खन जिवंत राहिले आहे.

रुआनो हे पात्र म्हणजे तरुणपणचे ऑर्ताच, असे वाचकाला राहून राहून वाटते. युरोपात असतो तर गॅलन आणि ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, अशा आशयाची कबुली ऑर्ता देतात. आचार्यांच्या ग्रंथांत दालचिनीविषयी पक्ष्यांच्या घरट्यांच्या आणि सर्पांच्या कथा होत्या. ऑर्ता यांनी त्या मोडीत काढल्या आणि दालचिनी ही सिंहलद्वीपातल्या झाडाची साल आहे, ती कशी सोलतात व वाळवतात, हे सांगितले. लवंग ही फुलाची कळी, जायफळ ही बी आणि जायपत्री हे तिच्यावरचे आवरण, लहान व मोठा वेलदोडा हे वेगळे प्रकार, अशी नोंद ते करत जातात. प्रत्येक जिनसाची अरबी, फारसी, गुजराती, मलबारी, दख्खनी आणि गोव्याकडील नावे देतात. एका नावाखाली दोन वस्तू विकल्या गेल्या तर रोगी दगावतो, म्हणून नाव नक्की करणे ही त्यांच्या लेखी औषधाची पहिली पायरी होती.

त्यांच्या चुकाही सांगायला हव्यात. काळी मिरी आणि पांढरी मिरी या वेगवेगळ्या वेलींच्या, असे ते समजत. वस्तुतः एकाच वेलीचे ते फळ आहे. कच्चे तोडून वाळवले की काळे, पिकल्यावर साल काढली की पांढरे. बेझोआर म्हणून प्राण्याच्या पोटात सापडणारा खडा विषावर उतारा आहे, यावरही त्यांचा विश्वास होता. जे त्यांनी स्वतः मुळापासून पाहिले तेथे ते अचूक आहेत. जे ऐकले तेथे ते आपल्या काळाचेच आहेत.

हिंगाच्या प्रकरणात तर त्यांनी एक चुटकाच दिला आहे. विजयनगरला एका पोर्तुगीजाकडे मोठ्या किमतीचा घोडा होता, पण त्याला वाताची व्याधी असल्यामुळे राजा तो विकत घेईना. पोर्तुगीजाने घोड्याला पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने तो घेतला. कशाने बरा केला असे विचारल्यावर हिंगाचे नाव निघाले, तेव्हा राजाला काहीच नवल वाटले नाही. ते देवांचे अन्नच आहे, असे त्याचे म्हणणे पडले. पोर्तुगीज मनातल्या मनात म्हणाला, की देवांचे नव्हे, सैतानांचे. वासाबद्दल नाक मुरडूनही हिंदू लोक भाजीत हिंग का घालतात, पचनाला तो कसा उपयोगी, हे ऑर्ता नीट लिहून ठेवतात.

मात्र मराठी वाचकाने थांबून वाचावा असा भाग महामारीच्या संवादाचा आहे. गोव्यात 1543 मध्ये पटकीची मोठी साथ आली होती. ऑर्ता तेव्हा तेथेच होते. युरोपीय वैद्याने आशियात पाहून केलेल्या पटकीच्या वर्णनांत त्यांचे वर्णन सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. रोगाला ते देशी नाव देतात, मोर्देशी. हा शब्द आपल्या मोडशीचे पोर्तुगीज रूप आहे. जुन्या घरांत अजीर्णाला मोडशी झाली असे म्हणण्याची रीत होती. गमतीचा भाग असा, की पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचा ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ लावून घेतला. मराठी आतड्यातल्या दुखण्याला फ्रेंच कुत्रा येऊन चिकटला.

डोळे खोल जाणे, हातापायांना गोळे येणे, नाडी हाताला न लागणे, न थांबणाऱ्या उलट्या आणि काही तासांत मरण, ही लक्षणे ऑर्ता नोंदवतात. साथ जून-जुलैत अधिक जोर धरते, असे निरीक्षणही ते देतात. मग ते येथले लोक काय उपाय करतात ते सांगतात. पायाला डाग देतात, हातपाय घट्ट बांधतात, डोळ्यांत पिंपळीची पूड घालतात. आणि रोग्याला तांदळाची पेज, म्हणजे कांजी, मिरी आणि जिरे घालून पाजतात.

या शेवटच्या उपायापाशी आजच्या प्रयोगशाळेने यावे. जिऱ्यात 2 ते 5 टक्के उडते तेल असते आणि त्याचा मुख्य घटक क्युमिनाल्डिहाइड. ओव्याच्या तेलात थायमॉल, लवंगेच्या तेलात युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड. मिरीचा तिखटपणा पायपरीनचा. तो 1819 मध्ये हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने वेगळा काढला. यातले थायमॉल आणि युजेनॉल हे फिनॉल वर्गातले रेणू जंतूच्या पेशीभोवतीच्या पातळ स्निग्ध पडद्यात घुसतात, पडदा गळका होतो आणि आतले द्रव्य बाहेर झिरपते. जंतूंच्या थरावर तेलात भिजवलेली कागदी चकती ठेवली की तिच्याभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते ते यामुळे. वर्तुळ जितके रुंद तितके तेल जालीम, असा ढोबळ हिशेब.

दुसरा गुण प्राणवायूच्या विरोधाचा. तेल-तूप खवट होते ते प्राणवायूच्या संयोगाने. एका रेणूपासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला अशी ती साखळी चालते. फिनॉल वर्गातले पदार्थ आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात. प्रयोगशाळेत यासाठी डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण वापरतात. त्यात मसाल्याचा अर्क घातला की जांभळा रंग उतरून पिवळसर होतो, आणि रंग किती उतरला त्यावरून अर्काचे बळ मोजले जाते. इंग्रजीतून आलेल्या शब्दात याला अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात.

एवढ्यावरून जिरे-मिरीच्या पेजेने पटकीचे जंतू मरत होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळ जण करतात. ती करू नये. बशीतले जंतू आणि आतड्यातले जंतू यांत फरक आहे. बशीत तेल निखळ आणि भरपूर पडते. पेजेच्या वाटीत चिमूटभर जिऱ्यातून उतरणारे तेल अगदी थोडे, आणि तेही अन्नात मिसळून विरळ झालेले. शिवाय पटकीचा जंतू ज्या गटात मोडतो, त्याच्या पेशीला बाहेरून आणखी एक कवच असते आणि अशा जंतूंवर ही तेले सहसा कमी चालतात. हा जंतू ऑर्ता यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी तो कोलकात्यात ओळखला तो 1884 मध्ये. पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. त्यावरचा खरा उतारा म्हणजे पाणी, मीठ आणि ते आतड्यातून आत ओढून घेणारी थोडी साखर किंवा पिष्ट. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने पटकीचे मृत्यू रोखून दाखवले. तांदळाच्या पिठाचे तसेच पाणीही पटकीत गुणकारी ठरते, हे पुढील अभ्यासांनी सिद्ध केले. म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या वाटीत काम करणारी वस्तू होती ती प्रामुख्याने पेज. जिरे आणि मिरी यांनी तिला चव आणली, मळमळीतही ती घशाखाली उतरण्यास कदाचित मदत केली असेल. गुण नाहीच असे नव्हे, पण श्रेय कोणाला किती हे मोजून द्यावे लागते.

मसाल्यांनी मांस टिकवण्यासाठी किंवा नासके मांस झाकण्यासाठी युरोप मिरीमागे धावला, ही कथाही अशीच. ज्याच्या खिशात मिरी घेण्याइतके पैसे होते त्याला ताजे मांस सहज मिळत होते. आपल्या लोणच्याचेही तेच. मोहरी आणि हळद यांचा हातभार असतो, पण वर्षभर लोणचे टिकते ते मीठ, आंबटपणा आणि वर तरंगणाऱ्या तेलाच्या थराने.

ऑर्ता यांनी पेजेतले कोणते द्रव्य गुणकारी हे सांगितले नाही. त्यांना ते सांगता येणे शक्यही नव्हते. त्यांनी पेज, मिरी, जिरे हे तिन्ही जसे पाहिले तसे लिहिले, आणि ते देणाऱ्या देशी वैद्यांना अडाणी ठरवले नाही. स्वतःच्या युरोपीय औषधांनी गुण आला नाही तर देशी उपाय करून पाहण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. एवढ्या तपशिलामुळे साडेचारशे वर्षांनी त्या उपायाची फेरतपासणी करता येते. ज्या वैद्यांनी त्यांना हे शिकवले, त्यांतल्या बहुतेकांची नावे मात्र ग्रंथात नाहीत. याची रुखरुख वाचताना लागते.

ग्रंथाच्या आरंभी एका गरीब मित्राची कविता आहे. व्हाइसरॉयला उद्देशून, या वृद्ध वैद्याच्या ग्रंथाला आश्रय द्यावा अशी विनंती करणारी. मित्राचे नाव लुईश द कामोंइश. पुढे 1572 मध्ये ज्याच्या महाकाव्याने पोर्तुगीज भाषेला तिचा राष्ट्रकवी मिळाला तोच हा. त्याच्या छापील कवितांत ही सर्वांत आधीच्यांपैकी आहे. औषधांच्या ग्रंथामुळे एखाद्या महाकवीची शाई प्रथम कागदावर उमटावी, असा योग वाङ्मयाच्या इतिहासात विरळा.

आणि त्याच मुखपृष्ठावर आणखी एक नाव आहे, इन्क्विझिटर अलेइशो दियश फाल्काओ यांचे. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. छपाईला त्यांची संमती होती. ज्या सत्तेला टाळून ऑर्ता हिंदुस्थानात आले, ती सव्वीस वर्षांनी मागोमाग येऊन पोचली आणि तिच्याच अनुमतीने त्यांचा ग्रंथ निघाला.

धोका त्यांना अनोळखी नव्हता. 1543 मध्ये त्यांच्याच व्यवसायातल्या आणि त्यांच्यासारख्याच नवख्रिस्ती असलेल्या जेरोनिमो दियश या वैद्याला गोव्यात धर्मद्रोहासाठी देहदंड देऊन जाळण्यात आले होते. त्याच वर्षी ऑर्ता यांचे ब्रियांदा द सोलिश हिच्याशी लग्न झाले. पुढे दोन मुली झाल्या. पोर्तुगालात त्यांच्या दोन बहिणींना 1547 मध्ये इन्क्विझिशनने पकडले होते; सुटका झाल्यावर आई आणि बहिणी गोव्याला त्यांच्या आश्रयाला आल्या. म्हणजे व्हाइसरॉयच्या पलंगाशेजारी बसणारा हा प्रतिष्ठित वैद्य घरी परतल्यावर दार लावून कोणता दिवस पाळत होता, हे चुकूनही बाहेर जाता कामा नये, अशा अवस्थेत ते कुटुंब वर्षानुवर्षे राहिले. ग्रंथातला ऑर्ता सढळ बोलतो, थट्टा करतो, ग्रीकांना खोटे पाडतो. धर्माविषयी मात्र तो अवाक्षर चुकीचे बोलत नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे असा आग्रह धरणाऱ्या माणसाला स्वतःविषयीचे खरे एक वाक्यही लिहिता आले नाही.

1568 मध्ये ऑर्ता वारले. मोठा वैद्य म्हणून ख्रिस्ती रीतीने त्यांचे दफन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांची बहीण कातारीना हिला अटक झाली. तिच्या जबानीत भावाचेही नाव आले. गार्सिया अखेरपर्यंत मनाने ज्यूच होता, असे तिच्याकडून वदवून घेतले गेले. 25 ऑक्टोबर 1569 रोजी गोव्यात कातारीनाला जिवंत जाळण्यात आले. न्यायालयाचे समाधान एवढ्याने झाले नाही. मृताविरुद्ध खटला चालला आणि 4 डिसेंबर 1580 रोजी, मरणानंतर बारा वर्षांनी, ऑर्ता यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. गोव्यात त्यांची कबर नाही ती यामुळे.

तोवर ग्रंथ निसटला होता. क्लुसियस या नावाने प्रसिद्ध असलेल्या शार्ल द लेक्लूझ या वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगालच्या प्रवासात त्याची प्रत मिळाली आणि 1567 मध्ये, म्हणजे ऑर्ता हयात असतानाच, अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यातून त्याचा लॅटिन गोषवारा बाहेर पडला. क्लुसियसने संवाद काढून टाकले. अंतोनिया गेली, घोड्याचा चुटका, सुलतानाची भांग हेही बहुधा युरोपला कळले नाही. पण मसाल्यांची माहिती शास्त्रज्ञांच्या टेबलावर गेली. 1578 मध्ये क्रिस्तोबाल आकोस्ता या वैद्याने बुर्गोसहून त्याच विषयावर स्पॅनिश ग्रंथ काढला, त्याचा मोठा भाग ऑर्ता यांच्यावर उभा आहे. ज्या दोन वर्षांच्या अंतराने गोव्यात अस्थी जाळल्या जाणार होत्या, त्याच काळात युरोपात त्यांच्या नोंदी हातोहात फिरत होत्या.

मूळ पोर्तुगीज ग्रंथाची काळजीपूर्वक केलेली आवृत्ती कोंद द फिकाल्यो यांनी 1891 ते 1895 या काळात काढली आणि 1913 मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांचे इंग्रजी भाषांतर आले. गोव्यातला खटला मात्र तोपर्यंत दप्तरातच पडून होता. ऑगुस्तो द सिल्व्हा कार्वाल्यो यांनी 1934 मध्ये कागदपत्रे प्रसिद्ध केली तेव्हा कातारीनाचा शेवट आणि अस्थींची कहाणी जगापुढे आली. पोर्तुगालने 1971 मध्ये वीस एस्कुदोच्या नोटेवर ऑर्ता यांचे चित्र छापले. पणजीत चर्चजवळच्या बागेला त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईत त्यांच्या वाड्याची जागा आज नौदलाच्या आवारात आहे. तेथे सामान्य माणसाला जाता येत नाही.